सगळ्यात आतला मेसेज

त्या माणसाचं नाव मी इथं लिहिणार नाही. नाव लिहिलं की वाचणारे त्याच्यावर राग काढून मोकळे होतील, आणि ज्यांच्यावर तो काढायला हवा ते आपापल्या खुर्चीत सुखरूप बसून राहतील. संघटनेच्या पत्रकांत मी बेधडक नावं घेते, त्याबद्दल नोटिसाही आल्या आहेत. पण हे पत्रक नाही. ते माझे सर होते, आणि आमचा तलाव गेला त्यात त्यांचा हात होता. या दोन्ही गोष्टी एका वाक्यात बसवायला मला फार दिवस लागले.

चंद्रपुरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, एका सायकल दुकानाच्या माडीवर सरांचा प्रोग्रामिंगचा क्लास होता. शर्टाच्या खिशात लोकांचा पेन असतो तिथं त्यांचा टूथब्रश असायचा. खिडक्या बंद ठेवल्या तरी दुपारपर्यंत किबोर्डवर कोळशाची काळी पूड बसते, हे चंद्रपूरकरांना सांगायला नको. आपण बोलत असलो की सर समोरच्या किबोर्डची बटणं एकेक करून ब्रशनं घासायचे. आपलं बोलणं संपलं की ब्रश थांबायचा, आणि ते विचारायचे, "काऊन?"

हा "काऊन" म्हणजे सरांचं सगळं शास्त्र होतं. प्रोग्राम बंद पडला, काऊन? फाइल सापडली नाही म्हणून. फाइल काऊन नाही सापडली? नाव चुकलं म्हणून. नाव काऊन चुकलं? शेवटी पोरगं म्हणायचं, सर, काल लक्ष नव्हतं, घरी भांडण झालं होतं. तेव्हा कुठं सर समाधानानं मान हलवायचे. "हां. आता आला तळ."

मुलांची नावं त्यांना लक्षात राहत नसत. क्लासात ज्याची जी पहिली चूक झाली असेल तेच त्याचं नाव. "ए शून्यानं भागणाऱ्या, इकडं ये." "ती मेमरी संपलेली कुठी गेली आज?" माझी पहिली चूक "फाइल नॉट फाउंड" होती, म्हणून मी फाइल. माझं खरं नाव त्यांना अजून माहीत असेल असं मला वाटत नाही.

ज्यांना प्रोग्रामिंग येत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगते. मोठा प्रोग्राम म्हणजे माळ्यावर माळे असतात. सगळ्यात खालच्या माळ्यावर काही मोडलं की तिथून एक मेसेज निघतो, काय मोडलं ते सांगणारा. वरचा माळा तो झेलतो, आपल्या पाकिटात घालतो, पाकिटावर स्वतःचा मेसेज लिहितो आणि आणखी वर पाठवतो. त्याच्या वरचा ते पाकीट स्वतःच्या पाकिटात घालतो. असं होत होत आपल्याला मोबाइलवर दिसतं काय, तर "काहीतरी चुकले आहे, कृपया नंतर प्रयत्न करा." खरं कारण पाकिटांच्या पोटात असतं. ते काढायची एक रीत आहे, आणि सर ती आम्हाला पाढ्यासारखी म्हणायला लावायचे. "आत काही आहे का? आहे. मंग आत जा. आत काही आहे का? नाई. मंग थांब आणि वाच."

वाचायचं म्हणजे उभं राहून, मोठ्यानं. चूक कुणाचीही असो, वर्गासमोर तिचा सगळ्यात आतला मेसेज खणखणीत आवाजात वाचायचा. खालच्या सायकलवाल्याला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. मी जिन्यावर दिसले की तो पंक्चरच्या टबातून मान वर करून म्हणायचा, "काय ताई, डेटाबेस अजून बंदच हाय का?"

सर हे सगळं क्लासपुरतं ठेवत नसत, त्यामुळं त्यांच्याकडं फार लोक येत नसत. एकदा भर उन्हाळ्यात गल्लीतली लाइट गेली. विजेच्या कार्यालयात त्यांना सांगितलं, तांत्रिक बिघाड आहे. सर तिथल्या बाकावर बसले आणि विचारत राहिले. शेवटी एका लाइनमननं वैतागून सांगितलं की ट्रान्सफॉर्मरवर खार चढली होती. सर उन्हातून परत आले, घामानं निथळत होते, आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा. "खार होती," त्यांनी आम्हाला सांगितलं. लाइट कधी येणार हे विचारायला ते विसरले होते.

त्यांच्या घरी एकदा चहाला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "भाजीत मीठ जास्त पडलं, एवढंच मी म्हंते. हे इचारते काऊन. मंग आमची गोष्ट माह्या माहेरापर्यंत जाते."

सर बशीतून चहा पीत म्हणाले, "जातेच. तिथंच असते."

मला ते आवडायचे. आज हे कबूल करायला नको वाटतं, पण आवडायचे. मी सावली तालुक्याकडच्या धानपट्ट्यातल्या ज्या गावाची आहे तिथं आम्हाला जन्मभर पाकिटावरचेच मेसेज मिळत आले. साहेब दौऱ्यावर आहेत. वरून आदेश नाही. तुमचं नाव यादीत दिसत नाही. हे ऐकून आमची माणसं "बरं साहेब" म्हणत आणि घरी येत. चूक कुठंतरी असते, तिला एक तळ असतो आणि तिथपर्यंत जाता येतं, हे मला पहिल्यांदा या माणसानं सांगितलं. क्लास झाल्यावर काही काळ मी त्यांच्याकडंच काम केलं. मग गावोगावच्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेत गेले. तिथं मोर्चात, निवेदनात, सभेत मी जे बोलत होते ते सगळं सरांचं होतं, फक्त कॉम्प्युटर काढून टाकलेला.

एक गोष्ट तर मी पत्रकात जशीच्या तशी छापली होती. क्लासात एकानं विचारलं होतं, "सर, सगळ्यात वरचा मेसेज खोटा, सगळ्यात आतला खरा. मधल्या पाकिटांवर लिहिलेलं असते त्याचं काय?"

सर ब्रश झटकत म्हणाले, "मधले सगळे दलाल. फेकून दे."

वर्ग हसला. मी सगळ्यात जास्त हसले.

आता तलावाचं. आमच्या गावाला जुना मामा तलाव आहे, मालगुजारांच्या काळात बांधलेला. आम्हा ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, घरं त्याच्या पाळीला, बांधाला लागून. मासेमारी संस्थेकडं तलावाचा ठेका, तो मुदत संपली की पुन्हा मागावा लागतो. आमच्याकडं सगळ्यांनी मिळून जाळं ओढलं की मासळी पाळीवर आणून तिचे हिस्से पाडतात. पळसाच्या पानांवर वाटे लावतात आणि म्हातारे अध्यक्ष एकेका सभासदाचं नाव पुकारतात. ज्याचं नाव तो म्हणतो "हाय" आणि आपला वाटा उचलतो.

माझे बाबा काविळीनं गेले तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर पहिल्यांदा जाळं ओढलं त्या दिवशी अध्यक्षांनी नेहमीच्या जागी बाबांचं नाव पुकारलं, "लहानू." माय घोळक्याच्या मागं उभी होती. ती म्हणाली, "हाय." आणि पुढं येऊन वाटा उचलला. कुणी डोळा वर केला नाही, कारण आमच्यात असंच होतं. नवरा मेला तर बायको त्याच्या नावाला हाक देते. नाव कापलं की हिस्सा कापला असं मानतात, म्हणून नाव कुणी कापत नाही. कायद्यानं वारसाचं नाव चढवायला हवं हे मला माहीत आहे, कुणी शिकवायला येऊ नये. आजूबाजूच्या तलावांवरच्या संस्थांतही असेच मेलेले सभासद आहेत, आणि त्यांच्या बायका त्यांच्या नावाला हाय म्हणतात. हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं आणि ठेके देणाऱ्या कार्यालयातल्या साहेबांनाही माहीत होतं.

ठेक्याचे अर्ज ऑनलाइन झाले. ते पोर्टल बाहेरच्या एका कंपनीनं बनवलं, आणि त्यातला चुका पकडायचा भाग त्या कंपनीनं आमच्या सरांना दिला. आमच्या संस्थेनं अर्ज भरला. स्क्रीनवर आलं, "अर्ज जमा होऊ शकला नाही. कृपया नंतर प्रयत्न करा." नंतर प्रयत्न केला. पुन्हा तेच. म्हातारे अध्यक्ष रोज सायकल मारत तालुक्याला जायचे आणि तोच मेसेज घेऊन परत यायचे. मुदत संपली. मग कळलं की आमच्या तलावासाठी "एकही वैध अर्ज नाही" आणि तलाव एका ठेकेदाराला मिळाला. त्याचा अर्ज पहिल्याच झटक्यात जमा झाला होता.

आम्ही कार्यालयासमोर धरणं धरलं. पत्रक मी लिहिलं होतं. त्याचा मथळा होता, "वरचा मेसेज नको, आतला दाखवा." बायकांनी त्याची घोषणा करून टाकली. ज्यांनी जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता त्या ओरडत होत्या, आतला दाखवा, आतला दाखवा. शेवटी साहेबांनी सुनावणी लावली आणि सांगितलं की ज्यांनी तो भाग बनवला त्यांनाच बोलावतो, ते सगळ्यांसमोर आतला मेसेज काढतील.

मला इतका आनंद झाला होता की मी मायला म्हटलं, आता तलाव परत आला असं समज.

सुनावणीला आमचा अख्खा मोहल्ला टेम्पोत बसून आला. सर आधीच पोचले होते आणि कार्यालयाच्या लॅपटॉपची बटणं ब्रशनं घासत होते. मला पाहून त्यांचे डोळे चमकले. "फाइल, आज पाय, आतलं कसं निघते ते," ते म्हणाले. त्यांना तलाव कुणाचा, संस्था कुणाची, काही माहीत नव्हतं. अर्जाचा क्रमांक तेवढा माहीत होता. भिंतीवर पडदा लावला होता. सरांनी क्रमांक टाकला आणि आपला प्रोग्राम चालवला. एकेक पाकीट फुटत गेलं आणि पडद्यावर एकच ओळ आली.

सर उभे राहिले. आम्हाला शिकवलं होतं तसंच, छाती काढून, खणखणीत आवाजात त्यांनी ती वाचली. "सभासद मृत. लहानू."

आणि मागच्या रांगेतून माझी माय म्हणाली, "हाय."

आधी एक बाबू हसला. मग खोलीतले बाकीचे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

"कोण बोललं?"

माय उभी राहिली. "मी, साहेब."

"लहानू तुम्ही?"

"माह्या घरवाला."

"जिवंत आहे?"

"नाई."

"मग हाय कोण?"

मायनं आजूबाजूला पाहिलं. तिला प्रश्नच कळला नव्हता. "हिस्सा हाय ना, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी बाबूकडं पाहून सांगितलं, "लिहून घ्या. मृत सभासदाच्या नावानं हजेरी दिली." मग आमच्याकडं वळून, अगदी शांतपणे, "आतला मेसेज पाहिजे होता ना तुम्हाला? यात आता पोर्टलची काय चूक?"

मी उठले. मी म्हटलं, तालुक्यातल्या प्रत्येक संस्थेत अशी नावं आहेत. आमच्याच संस्थेचे सभासद तपासायला कुणी सांगितलं? ते मधल्या पाकिटावर असेल. मधलं दाखवा.

साहेबांनी सरांकडं पाहिलं. सर लॅपटॉप बंद करत होते. "मधलं मी ठेवत नाही," ते म्हणाले. "त्यात काही नसते." मग माझ्याकडं पाहून हसले, गणित सुटल्यावर मास्तर पोराकडं पाहून हसतो तसे. "तळ आला ना, फाइल."

टेम्पो परत गावाजवळ आला, तलावाची पाळ दिसली. तेव्हा अध्यक्ष बोलले. ते माझ्याकडं बघत नव्हते, पाळीकडं बघत होते. "पोरगी म्हणे आतलं दाखवा, आतलं दाखवा. दाखवलं बाप्पा. आता का करायचं?" मागून कुणी बाई म्हणाली, "लहानू मेला तवाच नाव कापाले पायजे होतं." माय पदर तोंडाशी धरून बसली होती. तिचाही तलाव गेला होता, पण आता सगळ्यांच्या लेखी तो तिच्यामुळं गेला होता. माझ्या बाबांना मरून इतकी वर्षं झाली, आणि गावानं त्यांच्यावर डाग लावला तो आता.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेले. सायकलवाल्यानं काहीतरी विचारलं, मी सरळ जिना चढले.

"खोटं होतं काय ते?" मी बोलायच्या आधीच सर म्हणाले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की लहानू माझे बाबा. "तुझे बाबा जिवंत आहेत काय?"

"नाहीत."

"मंग?"

"आमचेच सभासद तपासले, काऊन?"

ब्रश थांबला. सरांनी तो खिशात ठेवला. मग दुसऱ्या स्क्रीनवर ती कच्ची नोंद उघडली, जिच्यातून त्यांचा प्रोग्राम फक्त शेवटची ओळ उचलतो. गचाळ प्रकरण होतं, अक्षरांचा नुसता उकिरडा. सर बोट ठेवत ठेवत खाली गेले आणि मध्ये थांबले. तिथं लिहिलं होतं की या अर्जाला "विशेष छाननी" लावावी असा हुकूम झाला, पुढं ज्या लॉगिननं हुकूम दिला त्याचं नाव, आणि तारीख. नाव साहेबांचं होतं. तारीख अर्जाची मुदत संपायच्या बरीच आधीची. म्हणजे आमचा अर्ज आपोआप अडकला नव्हता. तो अडकवायला सांगितलं होतं, आणि कुठं अडकेल हे सांगणाऱ्याला ठाऊक होतं.

सर खुर्चीत मागं टेकले. "हे मी फेकून देत होतो," ते म्हणाले.

"मला याची प्रत द्या. अपिलाची मुदत आहे अजून."

"अशी?" त्यांनी स्क्रीनकडं असं पाहिलं जसं कुणी त्यांना फाटक्या बनियनमध्ये लग्नाला यायला सांगतंय. "असं नाही देत कुणाला. पाय ना किती घाण आहे. लोक हसतील. मी नीट करून देतो. सगळी पाकिटं, ओळीनं, मराठीत. चूक माझी आहे, मी दुरुस्त करतो."

मी म्हटलं, सर, घाण राहू द्या, घाणच द्या. त्यांनी ऐकलं नाही. मी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला. वकिलांनी तो पाहून बाजूला ठेवला. कुणाच्याही मोबाइलमधला फोटो कुणीही बनवला म्हणता येतं, त्यांनी सांगितलं. सहीशिक्क्याची प्रत आणा.

मी सरांना रोज फोन करत होते. ते रोज खुशीत असायचे. "जुळून राह्यलं," म्हणायचे. "आता तिसरंही पाकीट दिसते. थोडं थांब."

याच दिवसांत मायच्या मोबाइलवर मेसेज यायला लागले. संस्थेच्या अर्जात संपर्क म्हणून माझाच नंबर द्यायचं ठरलं होतं, पण मी कायम मोर्चात, फोन लागत नाही, म्हणून अध्यक्षांनी मायचा दिला होता. माय अक्षरं जुळवून वाचते. तिनं पहिला मेसेज मला दाखवला. "आपला अर्ज नामंजूर. कारण: सभासद मृत: लहानू." मी म्हटलं, सरकारी आहे, सोड. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग दिवसातून कितीदाही. धानाच्या बांधीत असली तर कमरेला खोचलेला मोबाइल वाजायचा, चुलीपाशी असली तर चुलीपाशी. तिनं दाखवायचं बंद केलं.

शेवटी प्रत तयार झाली. मी घ्यायला गेले. सरांनी ती दोन्ही हातांनी दिली. आणि ती खरोखर सुंदर होती. सगळ्यात वरचं पाकीट, त्याच्या आत पुढचं, त्याच्या आत त्याच्या पुढचं, प्रत्येकाचं वाक्य स्वच्छ मराठीत, शेवटी माझ्या बाबांचं नाव. अख्ख्या पोर्टलच्या पोटात काय चाललं होतं ते शाळेतल्या पोरालाही कळेल असं. खाली सही, शिक्का.

मी मधली ओळ वाचली. विशेष छाननीचा हुकूम. हुकूम देणाऱ्याचं नाव.

"सर, हे तुमचं नाव आहे."

"हो. चालवलं मीच ना. तोच अर्ज पुन्हा पुन्हा चालवून पाहिल्याशिवाय कसं कळणार नीट झालं का ते. टेस्टिंग आहे."

"आधीचं नाव? साहेबांचं?"

"एका अर्जाला आपला प्रोग्राम एकच नोंद ठेवते. नवी आली की जुनी जाते. नाहीतर कचरा साठते," ते म्हणाले, अगदी क्लासात शिकवायच्या आवाजात. वाक्य संपलं आणि मग ते त्यांनी स्वतःच ऐकलं. मी तिथून खाली आले. जिन्यात बसून रडले असं लिहायला हवं असेल कुणाला, पण मी रडले नाही. मला फक्त ते सगळे किबोर्ड खिडकीतून खाली फेकावेसे वाटत होते.

अपिलात कार्यालयानं पोर्टलची नोंद दाखल केली. नोंदीत छाननीचा हुकूम सरांचा, तारीख सुनावणीनंतरची. आमच्या वकिलांनी माझा फोटो पुढं केला. समोरच्या वकिलांनी विचारलं, फोटोतलं खरं मानायचं की तुमच्याच बाजूच्या तज्ज्ञानं सही करून दिलेलं? अपील फेटाळलं. साहेबांची पुढं बदली झाली, चांगल्या जागी. त्यांना त्या पूर्ण प्रकरणात एकदाही खोटं बोलावं लागलं नाही. त्यांची सगळी कामं एका प्रामाणिक माणसानं केली.

संघटनेतले सोबती म्हणतात, तो विकला गेला होता. मला तसं असतं तर बरं वाटलं असतं. विकल्या गेलेल्या माणसावर पत्रक लिहिता येतं. सर विकले गेले नव्हते. त्यांना वाटायचं की एखाद्या चुकीचा तळ सापडला की काम संपलं. त्या तळावर कोण उभं आहे, त्याला तिथं कुणी आणून उभं केलं, तिकडं ते बघत नसत. मधल्या माणसांना ते दलाल म्हणायचे आणि फेकून द्यायचे, आणि सरकारात सगळं काम मधलीच माणसं करतात. मी इतकी वर्षं ज्याला लढणं समजत होते ते अर्धं होतं, आणि ते अर्धं मला याच माणसानं दिलं होतं.

आता आमच्याच तलावात आमचीच माणसं ठेकेदाराचं जाळं मजुरीनं ओढतात. पाळीवर वाटे पडत नाहीत. ठेकेदाराचा मुनीम काटा लावतो, मासळी बर्फाच्या पेटीत जाते आणि गाडी निघते. नाव पुकारायचं कारणच राहिलं नाही. माय जाळ्यावर जात नाही, तिला कुणी बोलावतही नाही. ती दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवण्याला जाते.

आणि तरी मेसेज येतच होते. अपील गेलं, तलाव गेला, तरी सर थांबले नव्हते. पुसली गेलेली नोंद कुठून तरी परत काढता येईल असं त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं, आणि त्यासाठी ते आमचाच अर्ज चालवत बसले होते; दर वेळी चालवला की मायला मेसेज जायचा. मी फोन केला की म्हणायचे, "थोडं थांब, फाइल." मी फोन करणं सोडून दिलं.

एका सकाळी माय अंगणात तांदूळ पाखडत होती. मोबाइल तिच्याजवळ पाटावर होता. तो वाजला. तिनं सूप खाली ठेवलं, स्क्रीनकडं पाहिलं आणि मला म्हणाली, "लाव त्याले फोन."

"कोणाला?"

"तुया सरले. मालूम हाय मले, तोच पाठवते."

मी लावला आणि तिच्या हातात दिला. तिनं मोबाइल तोंडासमोर धरला, ती नेहमी धरते तसा, कानाला न लावता.

"मास्तर, मी लहानूची बायको बोलून राह्यली. तुमचा मेसेज येते घडीघडी. मले मालूम हाय तो मेला हाय. आंघोळ मीच घातली त्याले. आता नोका सांगत जाऊ."

तिकडून काहीतरी आलं, मला ऐकू आलं नाही. मायनं मान हलवली, मोबाइल पाटावर पालथा ठेवला आणि सूप उचललं.

"काय म्हणाले?"

"काई नाई. हो बाई म्हणे." तिनं सुपातला कोंडा वाऱ्यावर सोडला. "लय बारीक आवाज हाय वं त्याचा. त्या दिवशी नाव पुकारलं तवा मले वाटलं कोणी मोठा माणूस असन."